परवानगीचा कागद कोणाला बांधतो?

(घरकामगार आणि पेशंट सांभाळणाऱ्या स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या बाईविषयी यात सांगितलं आहे, तिच्या संमतीने आणि तिचं नावगाव वगळून.)

परदेशात घरकामाला, पेशंट सांभाळायला जाणाऱ्या बाया आणि त्यांना लागणारी सरकारी परवानगी, हा विषय आज माझ्याकडे दिला आहे. कायदा, नियम, कागदपत्रं हे सगळं मी सांगणार आहेच. पण सुरुवात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीपासून करते. त्या चुकीनंतरच मी हा कायदा नीट वाचायला बसले.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या केंद्रावर एक बाई आली. वय सत्तावीस, शिक्षण आठवी, दोन मुलं. नवरा होता, पण घरात पैसे देत नव्हता. ती ब्युरोतर्फे पेशंटच्या ड्युट्या करायची. हे काम काय असतं ते इथे बसलेल्या कित्येकींना माहीत आहे. चोवीस तासांची ड्युटी म्हणजे पेशंटच्या खाटेशेजारी चटई टाकून झोपायचं, डायपर बदलायचे, नळीतून भरवायचं, रात्री चारदा उठायचं, आणि घरातली भांडी पडली असतील तर तीही घासायची. पगारातून ब्युरोचं कमिशन जाणार. पेशंट वारला की काम संपलं, पुढची ड्युटी मिळेपर्यंत घरी बसायचं. ओळखीच्या एकीने तिला सांगितलं होतं की हेच काम आखातात केलं तर दुप्पट पैसे मिळतात. एजंटही ठरला होता. ती माझ्याकडे एवढंच विचारायला आली होती, "ताई, हे कागद बघा ना. बरोबर आहेत का?"

मी कागद पाहिलेच नाहीत. पासपोर्ट उघडला, जन्मतारीख पाहिली आणि म्हटलं, "अगं, तुला अजून तीस पूर्ण नाहीत. नियमात बसत नाही. परवानगी मिळणार नाही." ती म्हणाली, "एजंट म्हणतो, होईल." मी म्हटलं, "एजंट फसवतोय तुला. जाऊ नकोस." वर तिला दोन-तीन बायांच्या हालअपेष्टा ऐकवल्या. ती "बरं" म्हणून उठली. मी नोंदवहीत लिहिलं, ‘समुपदेशन केले. धोक्यांची कल्पना दिली.’ माझ्या दृष्टीने काम झालं होतं.

तीन आठवड्यांनी तिची आई रेशनकार्डाच्या कामासाठी केंद्रावर आली. सोबत धाकटा नातू. तिच्याकडून कळलं की लेक गेली. कुठे, तर दुबईला. कशी, तर फिरायला. भेटीच्या व्हिसावर.

कायदा काय म्हणतो

आता कायदा पाहू. १९२२ साली इंग्रज सरकारने केलेला परदेशगमनाचा कायदा होता. त्याच्या जागी १९८३ चा कायदा आला, तोच आपला आजचा आधार. त्याचा सारांश दोन वाक्यांत सांगता येईल. कामासाठी माणसं परदेशी पाठवणाऱ्या एजंटाची सरकारकडे नोंदणी हवी. आणि कामासाठी जाणाऱ्या माणसाने ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायला हवी. प्रोटेक्टर म्हणजे संरक्षक. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मुंबईत हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे.

ही मंजुरी सगळ्यांना लागत नाही. दहावी पास असाल तर लागत नाही. प्राप्तिकर भरत असाल तर लागत नाही. या आणि अशा आणखी काही गटांत जी बसत नाही, तिच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ हा शेरा असतो. म्हणजे जाण्याआधी मंजुरी आवश्यक. तीही १८ देशांसाठीच. त्यात सौदी अरेबिया, कुवेत, ओमान, कतार, बहारीन, संयुक्त अरब अमिराती हे आखाती देश आहेत, शिवाय जॉर्डन, लेबनॉन, मलेशिया असे इतर.

या शेऱ्याचा पासपोर्ट बाईचा असेल तर अटी वाढतात. वयाची तीस वर्षं पूर्ण हवीत. तिकडच्या आपल्या वकिलातीने कामाचा करार तपासून त्यावर शिक्कामोर्तब केलेलं हवं. मालकाने एजंटाशिवाय थेट घरकामाला बाई नेली तर त्याने २,५०० डॉलरची हमी ठेवावी, बाईला मोबाइल फोन द्यावा, असेही नियम झाले. २०१४-१५ पासून हा सगळा व्यवहार ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संगणक यंत्रणेतून होतो. आणि ऑगस्ट २०१६ पासून अशा पासपोर्टाच्या बायांची भरती खाजगी एजंटांना बंद झाली. ती फक्त सरकारी संस्थांनी करायची. केरळ, तामिळनाडू, आंध्र, तेलंगण इथे अशा संस्था आहेत. आमच्या वस्तीतल्या बायांनी त्यातल्या एकीचंही नाव ऐकलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही.

मंजुरी मिळाली की तिच्यासोबत काही हक्काच्या गोष्टी येतात. प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचा अपघाती विमा मिळतो, त्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये आणि वर कर. नोंदणीकृत एजंटाला सेवेपोटी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येतात, पावती देऊन. जाण्याआधी प्रशिक्षण असतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ही बाई अमुक घरात, अमुक पगारावर, अमुक मालकाकडे आहे, याची आपल्या सरकारकडे नोंद राहते.

कागदावर हे सगळं वाईट नाही. काही नियम तर बायांच्या किंकाळ्या ऐकूनच झालेले आहेत. मग माझ्याकडे आलेल्या बाईचं काय झालं, ते पाहा.

फिरायला गेलेली बाई

भेटीच्या व्हिसावर जाणारी बाई कायद्याच्या दृष्टीने कामाला जात नाही. ती मावशीला भेटायला जाते. तिला मंजुरी लागत नाही, करार लागत नाही, वयाची अट लागत नाही. एजंटाने तिला परतीचं तिकीट दिलं, विमानतळावर काय सांगायचं ते पाठ करून घेतलं आणि एक नवी पर्स घेऊन दिली, कारण प्लास्टिकची पिशवी घेऊन कोणी दुबई पाहायला जात नाही. दुबईत एका खोलीत तिला अकरा दिवस ठेवलं. तिथे आणखी सहाजणी होत्या. घरवाले येऊन बघून जायचे. मग तिला ओमानमध्ये मस्कतजवळच्या एका घरी पोचवलं.

सांगितलं होतं, एका म्हातारीला सांभाळायचं. म्हातारी होती, अंथरुणाला खिळलेली. पण घरात आणखी अकरा माणसं होती आणि त्यांचा स्वयंपाक, धुणी, फरशा हेही होतं. पासपोर्ट पहिल्याच दिवशी काढून घेतला, फोन आठवड्याने. दोन महिने पगार मिळाला, पुढे थांबला. "मला घरी जायचंय" म्हटल्यावर मालकीण म्हणाली, "मी तुझ्यासाठी ऑफिसला पैसे भरलेत. ते दे आणि जा." तिकडे परदेशी कामगाराचा राहण्याचा हक्क मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. त्या मालकाला कफील म्हणतात. त्याच्या संमतीशिवाय घर सोडलं की ‘पळून गेली’ अशी तक्रार होते आणि कामगारच गुन्हेगार ठरते. या बाईपाशी तर कामाचा धड व्हिसाही नव्हता.

शेजारच्या घरातल्या एका मल्याळी ड्रायव्हरच्या फोनवरून तिने आईला फोन केला. आई आमच्याकडे आली. आम्ही अर्ज केले, ईमेल पाठवल्या, फोन केले. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "मंजुरीचा नंबर काय? कराराची प्रत आहे का?" नव्हती. वकिलातीकडे करार आलेला नव्हता. यंत्रणेत तिचं नाव नव्हतं. विमा नव्हता. एका कार्यालयात एक गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, नियम मोडून जातात आणि मग आमच्या नावाने रडतात." मी गप्प राहिले. कारण जवळजवळ हेच मी मनात म्हटलं होतं.

सातव्या महिन्यात ती परत आली. एका पहाटे कचरा टाकायला म्हणून बाहेर पडली आणि टॅक्सी करून वकिलातीत गेली. तिथे काही आठवडे आसरा मिळाला, कागद झाले. अशा अडलेल्यांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून तिकीट निघालं. चार महिन्यांचा पगार बुडाला तो बुडालाच.

मैत्रिणींनो, मी रात्र रात्र विचार केला की माझं काय चुकलं. नियम तर मी बरोबर सांगितला होता. चूक अशी झाली की नियम सांगितला म्हणजे बाईचं रक्षण झालं असं मी समजले. तिला जायचंच होतं. मुलांची फी, डोक्यावरचं कर्ज, घरातली रोजची कटकट, यातलं काहीच माझ्या ‘जाऊ नकोस’ने सुटणार नव्हतं. पुढचं दार बंद आहे एवढंच मी सांगितलं. मागचं दार एजंटाने दाखवलं. आणि मागच्या दाराने गेलेल्या बाईला संरक्षक नसतो. ज्या अटीने तिचं रक्षण व्हायचं, त्याच अटीने तिला नोंदीबाहेर ढकललं.

तिशीची अट

आता या तीस वर्षांच्या अटीकडे नीट बघू. अठराव्या वर्षी बाई मत देते, लग्न करते. पंचविसाव्या वर्षी लोकसभेला उभी राहू शकते. पण सत्ताविसाव्या वर्षी आठवी पास बाई कुवेतला पेशंट सांभाळायला जाऊ शकत नाही. तिच्याच वयाच्या, तितक्याच शिकलेल्या पुरुषाला ही अट नाही. तिच्याच वयाच्या दहावी पास बाईलाही नाही. म्हणजे अट फक्त बाईपणाची नाही आणि फक्त गरिबीची नाही. दोन्ही एकत्र आली की लागू होते.

परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मेनका गांधी खटल्यात ठणकावून सांगितलं. तो खटला पासपोर्ट जप्त केल्याचा होता. आमच्या वस्तीतल्या बाईचा पासपोर्ट कोणी जप्त करत नाही, त्यावर एक शेरा मारला की भागतं.

२०१८ सालचं एक उदाहरण सांगते. परराष्ट्र मंत्रालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं की ज्यांना मंजुरी लागत नाही अशा, म्हणजे शिकलेल्या लोकांनीही या १८ देशांत नोकरीला जाताना आधी सरकारी यंत्रणेत नाव नोंदवायचं, नाहीतर विमानात चढू देणार नाही. मंजुरी नाही हं, नुसती नोंद. केवढा आरडाओरडा झाला! त्याच महिन्याच्या अखेरीस तो आदेश स्थगित झाला. शिकलेल्या माणसाला साधी नोंद करणं जाच वाटलं आणि सरकारला ते पटलंही. आमच्या बायांवरची वयाची अट मात्र वर्षानुवर्षं तशीच आहे. त्यांच्यासाठी कोणी ओरडलं नाही. आपणही नाही.

बंदीच का नको?

आपल्यातल्याच एका ज्येष्ठ मैत्रिणीशी माझं यावरून भांडण झालं. तिने आखातातून परत आलेल्या शेकडो बाया पाहिल्या आहेत. चटके दिलेल्या, उपाशी ठेवलेल्या, गरोदर होऊन आलेल्या. ती म्हणाली, "तू हक्काच्या गोष्टी सांगतेस. मी विमानतळावर पेट्या उतरवून घेतल्यात. बंदीच हवी. सरसकट." तिच्या अनुभवापुढे मला लगेच उत्तर सुचलं नाही. तिने पाहिलेलं सगळं खरं आहे. मी नंतर शेजारच्या देशांत काय झालं ते वाचलं.

श्रीलंकेने २०१३ साली नियम केला की घरकामाला परदेशी जाणाऱ्या बाईने कुटुंबाची माहिती देणारा अहवाल आणावा. पाच वर्षांखालचं मूल असेल तर जाता येणार नाही. त्यात नवऱ्याची संमती आली, गावातल्या अधिकाऱ्याचा शेरा आला. म्हणजे दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यापासून सुटायला जी निघाली, तिने त्याच्याच सहीसाठी त्याच्याच दारात उभं राहायचं. पुढे २०२२ मध्ये देश आर्थिक संकटात सापडला, परकीय चलनाची गरज पडली, तेव्हा ती अट सैल झाली. आईपणाची काळजी तेव्हा कुठे गेली? नेपाळने २०१२ मध्ये तिशीखालच्या बायांना आखातात घरकामाला जायला बंदी केली, २०१७ मध्ये तर सगळ्यांनाच. बाया थांबल्या का? नाही. त्या भारतातून, आपल्या विमानतळांवरून गेल्या. २०२१ मध्ये तिकडच्या सरकारने चाळिशीखालच्या बाईला पश्चिम आशिया आणि आफ्रिकेत एकटीने जायचं तर घरच्यांची आणि वॉर्डाची संमती लागेल असा प्रस्ताव आणला. तेव्हा काठमांडूच्या रस्त्यावर बाया उतरल्या.

फिलिपिन्सचा अनुभव थोडा वेगळा आहे. त्यांनीही २००६ मध्ये वयाची अट घातली, २३ वर्षांची. पण त्याच वेळी घरकामगार बाईचा पगार दरमहा ४०० डॉलरपेक्षा कमी नसावा आणि एजंटाने तिच्याकडून नेमणुकीची फी घेऊ नये असंही ठरवलं. २०१८ मध्ये कुवेतमध्ये एका फिलिपिनो बाईचा मृतदेह फ्रीजरमध्ये सापडला, तेव्हा त्यांनी कुवेतला बाया पाठवणं थांबवलं आणि मे महिन्यात करार करून घेतला की मालक पासपोर्ट ठेवणार नाही आणि फोन काढून घेणार नाही. बंदी तिथेही होती. पण ती मालकांच्या देशाला वाटाघाटीला बसवण्यासाठी वापरली. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. तिथल्या बायाही मार खाऊन परत येतात. पण अटी कोणावर घालायच्या, हा फरक आपण शिकण्यासारखा आहे.

म्हणून मी त्या मैत्रिणीला आज हे उत्तर देईन. परवानगीचा कागद दोन प्रकारचा असू शकतो. एक बाईला बांधतो. तिचं वय, तिची इयत्ता, तिचं मूल, तिचा नवरा तपासतो. दुसरा मालकाला बांधतो. घरात माणसं किती, पेशंट किती, तास किती, सुट्टी कधी, पगार कुठल्या खात्यात, पासपोर्ट कोणाकडे, हे तपासतो. पहिला कागद बाईला घरी बसवतो किंवा चोरवाटेने पाठवतो. दुसरा तिच्यासोबत त्या घरात जातो. आपल्याला दुसरा हवा आहे.

मालकाशी बांधलेली परवानगी

इस्रायलचं उदाहरणही इथे सांगायला हवं, कारण आपल्याकडून तिकडे पुष्कळ जण म्हाताऱ्यांची सेवा करायला जातात. त्या देशाशी आपलं मराठीचंही नातं आहे. कोकणातून तिकडे गेलेले बेने इस्राएल कुटुंबांतले म्हातारे आजही मराठी बोलतात. इस्रायल त्या १८ देशांत नाही. म्हणून इकडून मंजुरी लागत नाही. पण तिकडची परवानगी कडक आहे. पेशंटच्या कुटुंबाने आधी परवाना घ्यायचा, मग बाईला व्हिसा. राहण्याची मुदत साधारणपणे ६३ महिन्यांची.

पूर्वी तिथे कामगाराचा व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असायचा. काम सोडलं की व्हिसा गेला. कामगारांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना न्यायालयात गेल्या आणि मार्च २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत रद्द ठरवली. परदेशी कामगार बाईला मूल झालं की तिचा परवाना जायचा. तेही २०११ मध्ये त्याच न्यायालयाने चुकीचं ठरवलं. पण घरात राहून सेवा करणाऱ्या कामगाराला जादा कामाचा मोबदला मागता येत नाही, हा निकालही त्याच न्यायालयाचा, २००९ चा. रात्री चारदा उठणं हे काम नाही, असं जणू सगळ्या जगाने मिळून ठरवलंय.

२०२३ मध्ये आपल्या सरकारने इस्रायलशी बांधकाम कामगार आणि रुग्णसेवक पाठवण्याचा करार केला. २०२४ मध्ये तिकडून ५,००० रुग्णसेवकांची मागणी आली. दहावी पास आणि ९९० तासांच्या प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण ही अट. सरकारांनी आपसांत केलेली भरती खाजगी एजंटापेक्षा बरी. पण ऑक्टोबर २०२३ पासून तिथे युद्ध पेटलं, त्याच काळात ही मागणी आली, हे विसरू नका. पेशंटला उचलून बंकरमध्ये नेणारी बाई स्वतः सुरक्षित आहे का, हा प्रश्न करारात कोण विचारणार?

घरातली परवानगी

सरकारी परवानगीच्या आधी आणखी एक परवानगी असते. तिला शिक्का नसतो. सासू काय म्हणेल, नवरा सही देईल का, भाऊ पैसे देईल का. आणि गाव काय म्हणेल, ‘तिकडे जाऊन काय करते कोणास ठाऊक’. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टाचे नियम बदलले. लग्नाचा किंवा घटस्फोटाचा दाखला जोडण्याची गरज राहिली नाही, आईबापांपैकी एकाचं नाव पुरतं. बायांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकीला ही सांगा, कारण अजूनही एजंट नवऱ्याची सही मागतात आणि बाया ती आणायला मार खातात.

दुसऱ्या बाजूने पाहा. ती गेली की तिची मुलं कोण सांभाळतं? तिची आई, नाहीतर दहा-बारा वर्षांची थोरली मुलगी. दुसऱ्याच्या आईची सेवा करायला जाणाऱ्या बाईची स्वतःची आई घरी नातवंडांच्या मागे धावते. या बाईच्या मुलीची त्या सात महिन्यांत शाळा बुडाली. यावर ‘म्हणून बाईने जाऊ नये’ हे उत्तर नाही. बाप घरातच होता. त्याला कोणी विचारलं नाही.

आपण काय करायचं

आता कामाचं बोलते.

बाई कागद घेऊन आली की आधी कागद वाचा. ‘जाऊ नकोस’ हे पहिलं वाक्य नको. करारात कामाचं नाव काय लिहिलंय ते बघा. सांगतात पेशंटची सेवा आणि लिहितात हाउसमेड. तास, आठवड्याची सुट्टी, पगाराचा आकडा आणि चलन, घराचा पत्ता, घरातल्या माणसांची संख्या, परतीचं तिकीट कोणाचं, हे बघा. जागा मोकळ्या सोडल्या असतील तर तिने सही करू नये.

एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा आणि ई-मायग्रेटवर ताडून पाहा. भेटीच्या व्हिसावर काम करता येत नाही, आणि तिथे गेल्यावर ‘बदलून घेऊ’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिला कारणासकट समजावून सांगा.

पासपोर्ट, व्हिसा, करार, तिकडच्या घराचा पत्ता, एजंटाचा फोन, या सगळ्याच्या प्रती केंद्रावर ठेवा. वकिलातीचा फोन तिच्याकडून पाठ करून घ्या, कागद हरवतो. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा क्रमांक आईच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि मायलेकींमध्ये एक खुणेचा शब्द ठरवा. मालकीण शेजारी उभी असताना बाई फोनवर ‘मी मजेत आहे’ असंच म्हणणार. आमच्याकडे एकीने ठरवलंय, ‘काकूला लोणचं आवडलं का’ असं विचारलं की समजायचं, संकट आहे.

तिकडचे कायदेही तिला सांगा. कुवेतमध्ये २०१५ पासून घरकामगारांसाठी वेगळा कायदा आहे. दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, आठवड्याची सुट्टी, पगारी रजा त्यात आहे. कतारने २०१७ मध्ये, अमिरातीने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये असे कायदे केले. पाळले जातात का, हा वेगळा प्रश्न. पण कायदा आहे हे माहीत असलेली बाई वेगळ्या आवाजात बोलते.

आणि मागण्या. तिशीची अट काढा. सरकारी भरती संस्था जिल्ह्याच्या गावी पोचवा, नाहीतर खाजगी एजंट बंद करून उपयोग नाही. बाई चोरवाटेने गेली असली तरी तिकडे पोचल्यावर तिला वकिलातीत नोंद करता यावी, तीही दंडाच्या आणि अपमानाच्या भीतीशिवाय. वाईट वागणाऱ्या मालकांची यादी ठेवा, त्या घराला दुसरी बाई मिळता कामा नये. घरकामगारांच्या हक्कांचा १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला, त्यावर भारताने शिक्कामोर्तब करावं. १९८३ चा कायदा बदलण्यासाठी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मसुदे निघाले. हरकती मागवल्या तेव्हा आपल्यापैकी किती जणींनी पाठवल्या? मीही पहिल्या वेळी पाठवली नव्हती.

आणि आपल्या अंगणातलंही बोलू. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, तो लढूनच झाला. तरी पेशंटच्या चोवीस तासांच्या ड्युटीला किती तास झोप, हे आजही ब्युरो आणि घरवाले ठरवतात. मुंबईत जर या कामाला मान आणि पुरेसा दाम असता, तर ती बाई मस्कतच्या वाटेला लागली असती का, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारू. आपल्यापैकी कित्येकींच्या घरी आई-सासऱ्यांची सेवा करायला अशी बाई आहे. तिची सुट्टी कधी असते?

शेवटी तिच्याविषयी. मागच्या महिन्यात ती परत केंद्रावर आली. मुलगी आता आठवीत गेली आहे, नवरा वेगळा राहतो, कर्ज फिटलेलं नाही. हातात तीच नवी पर्स, आता जुनी झालेली. म्हणाली, "ताई, तीस पूर्ण झाली मला. आता तरी कागद बघाल?"

या वेळी मी आधी चहा सांगितला. मग आम्ही दोघी बसलो. ओळखीतून आलेला करार होता. काम हाउसमेड, तासांची जागा कोरी. तिच्या पासपोर्टावर सरकारी संस्थेमार्फतच जाता येईल हे तिला सांगितलं, तिथे चौकशीचं पत्र तिच्याच शब्दांत लिहिलं. घरात माणसं किती, हा प्रश्न तिने स्वतः पहिल्या क्रमांकावर घालायला लावला. अजून उत्तर आलेलं नाही. ती जाईल की नाही, मला माहीत नाही. तो निर्णय तिचा आहे. ती गेली तर या वेळी तिच्या कागदांची एक प्रत आमच्या कपाटात असेल.

नोंदवहीत मी या वेळी ‘समुपदेशन केले’ असं लिहिलेलं नाही. ‘कागद वाचले, काम चालू’ असं लिहिलंय.